सुंभ जळतो, पीळ का राहतो? : स्फटिकांमधली टोपॉलॉजी

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: स्फटिकांमधले टोपॉलॉजिकल विद्युत आणि चुंबकीय गुणधर्म. पण त्याचा गाभा आपल्या ओळखीच्या एका म्हणीत बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एरवी ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो, जरा हिणवूनच. आज ती शब्दशः घेऊ. सुंभ म्हणजे पदार्थ. त्यात अशुद्धी असते, अणूंच्या रचनेत दोष असतात, उष्णतेनं अणू थरथरत असतात. आणि पीळ म्हणजे त्याच पदार्थातली अशी गोष्ट, जी या सगळ्या खराबीनं बदलत नाही. अशी गोष्ट खरंच असते का? असली तर ती मोजायची कशी? आणि ती टिकते कुठवर? आज या तीन प्रश्नांची उत्तरं शोधू.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. तारेतून वीज जाते तेव्हा तार तापते. इलेक्ट्रॉन वाटेत अडखळतात, आपली ऊर्जा स्फटिकाला देऊन बसतात, आणि ती उष्णता होऊन वाया जाते. हातातला मोबाइल गरम होतो तो यामुळंच. संगणकाच्या चिपा लहान होत गेल्या तशी ही उष्णता बाहेर काढणं हीच मोठी अडचण होऊन बसली. तेव्हा वाटेत न अडखळणारा इलेक्ट्रॉन आणि सहज न पुसली जाणारी चुंबकीय खूण, या दोन गोष्टी मिळाल्या तर हव्याच आहेत.

मोजण्याच्या दोन तऱ्हा

काही गोष्टी थोड्याथोड्यानं बदलतात. वजन, लांबी, तापमान. काही गोष्टी मात्र मोजाव्या लागतात: एक, दोन, तीन. मेदूवड्याला एक भोक असतं. वडा दाबा, लांबट करा, भोक एकच राहतं. सव्वा भोक होत नाही. वडा तोडला तरच आकडा बदलतो. आकाराच्या अशा न बदलणाऱ्या मोजणीचं गणित म्हणजे टोपॉलॉजी. मराठीत तिला संस्थितिशास्त्र म्हणतात, पण आज आपण टोपॉलॉजीच म्हणू.

आता पिळाकडं या. एक कागदी फीत घ्या, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरी. तिला पीळ घाला. टोक मोकळं असेल तर ते उलटं फिरवून पीळ काढता येतो, म्हणजे इथं संरक्षण काहीच नाही. पण टोकं एकमेकांना चिकटवली, आणि लालला लाल बाजूच जुळली पाहिजे अशी अट घातली, तर दोन गोष्टी घडतात. एक, पीळ पूर्ण वेढ्यांचाच असावा लागतो. अर्धा वेढा चालत नाही, कारण मग लालशेजारी पांढरी येते. दोन, फीत कितीही चुरगाळली तरी वेढ्यांचा आकडा बदलत नाही. बदलायचा तर कात्रीच लावावी लागते. या दोन गोष्टी लक्षात ठेवा: टोकं जुळलेली असणं आणि कात्री.

सदोष नमुना आणि नेमका आकडा

१८७९ साली अमेरिकेत एडविन हॉल या विद्यार्थ्यानं सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली आणि वर्खाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलतं, त्यामुळं वर्खाच्या रुंदीत एक छोटासा व्होल्टेज तयार होतो. या आडव्या व्होल्टेजला विद्युतप्रवाहानं भागलं की जो आकडा येतो, त्याला हॉल रोध म्हणतात. एरवी चुंबकीय क्षेत्र थोडं वाढवलं की हा आकडा थोडा वाढतो. यात काही विशेष नाही.

शंभर वर्षांनी, फेब्रुवारी १९८० मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं क्लाउस फॉन क्लिट्झिंग हाच प्रयोग सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर करत होते. तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दीड अंश वर, आणि चुंबकीय क्षेत्र सुमारे १८ टेस्ला. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या हजारो पट म्हणा ना. इलेक्ट्रॉनांची संख्या हळूहळू वाढवत नेली, तर हॉल रोध सरळ उतरत जाण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला. प्रत्येक पायरीची किंमत २५,८१२.८०७ ओहम भागिले एक पूर्णांक. भागिले दोन, भागिले तीन, भागिले चार.

हा २५,८१२ आकडा आला कुठून? प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा वर्ग. बस्स. त्यात सिलिकॉनचं नाव नाही, नमुन्याची लांबी-रुंदी नाही, किती अशुद्धी आहे ते नाही. खरं तर त्या ट्रान्झिस्टरमध्ये ज्या पृष्ठाजवळून इलेक्ट्रॉन वाहतात, ते अणूंच्या पातळीवर चांगलंच खडबडीत असतं. तरी नंतरच्या मोजमापांत हा आकडा वेगवेगळ्या नमुन्यांवर, वेगवेगळ्या पदार्थांवर अब्जात एका भागापेक्षाही बारकाईनं जुळला. पुणे ते मुंबई अंतर मोजताना मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकीही चूक होऊ नये, अशी ही बारकाई आहे. फॉन क्लिट्झिंग यांना १९८५ चं नोबेल मिळालं. १९९० पासून जगभरच्या मापन प्रयोगशाळा ओहम हे एकक याच परिणामावरून पडताळतात, आणि २०१९ मध्ये किलोग्रॅमसकट एककांच्या व्याख्या बदलल्या तेव्हा हे दोन्ही स्थिरांक कायमचे ठरवून टाकले.

आणि आणखी गंमत बघा. नमुना अगदी निर्दोष असता, तर पायऱ्या इतक्या रुंद झाल्याच नसत्या. आपण घातलेले जास्तीचे इलेक्ट्रॉन अशुद्धीभोवतीच्या खळग्यांत अडकून पडतात, वाहण्यात भाग घेत नाहीत. म्हणून संख्या बदलली तरी हॉल रोध जागचा हलत नाही. म्हणजे दोष असूनही नव्हे, काही अंशी दोष आहेत म्हणूनच हा आकडा दिसतो.

पीळ नेमका कशाला?

इतका नेमका पूर्णांक दिसला की संशय घ्यावा: कुठंतरी काहीतरी मोजलं जातंय. काय, ते १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवलं.

इथं एक गैरसमज दूर करू. टोपॉलॉजी समजावताना नेहमी वडा आणि पाव दाखवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की स्फटिकालाच भोक आहे. तसं नाही. स्फटिकात अणूंची रचना पुन्हा पुन्हा तीच येते, त्यामुळं इलेक्ट्रॉनच्या संवेगाचा हिशेब जरा वेगळा असतो. जुन्या फोनवरच्या सापाच्या खेळात साप उजव्या कडेतून बाहेर गेला की डाव्या कडेतून आत यायचा, तसंच संवेगाचंही असतं. एका मर्यादेपलीकडं गेलात की विरुद्ध बाजूनं परत आत. वरच्या-खालच्या कडांचंही तेच. आता असा कागद खरोखर गुंडाळा: डावी-उजवी कड जोडली की नळी झाली, आणि नळीची दोन्ही तोंडं जोडली की वडा. म्हणजे वडा आहे, पण तो संवेगांच्या नकाशाचा आहे. या नकाशाला कुठं टोकच नाही. फितीची टोकं चिकटवण्याची जी अट आपण घातली होती, ती इथं आपोआप पूर्ण होते.

या नकाशाच्या प्रत्येक बिंदूवर इलेक्ट्रॉनची एक तरंगस्थिती असते. पूर्ण वड्यावरून फिरून आल्यावर या तरंगांना किती पूर्ण वेढे पडले, तो आकडा म्हणजे चर्न संख्या. हॉल रोधाच्या पायरीतला एक, दोन, तीन म्हणजे हीच संख्या.

मग कात्री कोणती? इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा पट्ट्यापट्ट्यांनी विभागलेल्या असतात. एक पट्टा भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये दरी. ही दरी शाबूत आहे तोवर वेढ्यांचा आकडा बदलत नाही. दरी बुजली, दोन पट्टे एकमेकांना टेकले, की मगच पीळ सुटू शकतो. अशुद्धी, लहानसहान दोष, नमुन्याचा वेडावाकडा आकार, यांत दरी बुजवण्याची ताकद सहसा नसते. संरक्षण म्हणतात ते एवढंच. त्यात जादू नाही.

काठावर काय होतं

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. स्फटिकाच्या आत पीळ एक. बाहेर हवा, तिथं पीळ शून्य. मग एकाचा शून्य होतो कुठं? काठावरच. आणि पीळ बदलायचा तर दरी बुजली पाहिजे. म्हणून आतून विद्युतरोधक असलेल्या अशा पदार्थाच्या काठावर वीज वाहायला वाट मिळतेच मिळते. काठ कापून टाकला, तर नव्या काठावर वाट तयार होते.

आणि ही वाट एकेरी असते. इलेक्ट्रॉनला मागं वळायचं तर उलट दिशेची वाट समोरच्या काठावर आहे, मध्ये सगळा रोधक भाग. वाटेत अशुद्धीचा अणू आला तर तो वळसा घालून पुढंच जातो. विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत उलटं फिरता येत नाही, तसंच काहीसं. मागं वळणं नाही म्हणजे अडखळणं नाही, आणि अडखळणं नाही म्हणजे वाटेत उष्णता नाही.

अडचण होती त्या भल्यामोठ्या चुंबकीय क्षेत्राची. १९८८ मध्ये डंकन हाल्डेन यांनी कागदावर दाखवलं की बाहेरचं क्षेत्र लागेलच असं नाही. स्फटिकाची स्वतःची रचना आणि त्याचं स्वतःचं चुंबकत्व हे काम करू शकेल. प्रत्यक्षात ते घडायला पंचवीस वर्षं गेली. २०१३ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटानं बिस्मथ, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या पातळ थरात थोडं क्रोमियम घातलं, आणि चुंबकीय क्षेत्र शून्यावर आणल्यावरही तीच पायरी मिळवली. तापमान मात्र ३० मिलिकेल्विन, निरपेक्ष शून्याच्या एका अंशाच्या शंभरातल्या तीन भागांइतकं वर. २०२० मध्ये मँगनीज, बिस्मथ आणि टेल्युरियमच्या एका स्फटिकात हे तापमान १.४ केल्विनपर्यंत आलं. प्रगती मोठी आहे, पण आपल्या खोलीचं तापमान ३०० केल्विनच्या आसपास असतं, हेही ध्यानात ठेवा. थाउलेस, हाल्डेन आणि मायकेल कोस्टरलिट्झ यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

कदंबाचं फूल आणि चुंबकीय भोवरा

आतापर्यंतचा पीळ संवेगांच्या नकाशात होता, डोळ्यांना न दिसणारा. आता जो पीळ बघायचा तो खऱ्याखुऱ्या जागेत असतो, आणि त्याचे फोटोसुद्धा निघालेत.

चुंबकात प्रत्येक अणू म्हणजे एक छोटा बाण समजा. साध्या लोहचुंबकात शेजारचे बाण एकाच दिशेला तोंड करून असतात. मँगनीज सिलिसाइड नावाच्या स्फटिकाची रचना मात्र अशी आहे की आरशातलं तिचं प्रतिबिंब तिच्याशी जुळत नाही. डावा हात आणि उजवा हात जुळत नाहीत, तसं. अशा रचनेत शेजारचे बाण एकमेकांशी किंचित तिरके राहू पाहतात. तिरके, आणखी तिरके, असं करत साधारण १८ नॅनोमीटरमध्ये एक पूर्ण फेरा होतो.

या स्फटिकात २९ केल्विनच्या जरा खाली, ठरावीक चुंबकीय क्षेत्रात, एक छोटासा प्रदेश होता, ज्याचं कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. २००९ मध्ये म्युनिकजवळच्या गार्खिंग इथल्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन या स्फटिकावर सोडले तेव्हा सहा ठिपक्यांची षट्कोनी नक्षी मिळाली. आत बाणांचे भोवरे होते, मधाच्या पोळ्यासारखे ओळीनं मांडलेले. या भोवऱ्यांना स्किर्मिऑन म्हणतात. टोनी स्कर्म या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञानं १९६० च्या सुमारास अणुकेंद्रातल्या कणांसाठी मांडलेली ही कल्पना, पण ती फळाला आली चुंबकात. पुढच्याच वर्षी जपानमधल्या गटानं लोह, कोबाल्ट आणि सिलिकॉनच्या स्फटिकातले भोवरे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहिले.

स्किर्मिऑन डोळ्यांपुढं आणायचा तर कदंबाचं फूल आठवा. गोल चेंडू, आणि सगळीकडं बाहेर रोखलेले केसर. वरचे केसर वर, खालचे खाली, बाजूचे बाजूला. आता या चेंडूला वरून चीर द्या आणि तो टेबलावर सपाट पसरा. मध्यभागी खालचे केसर येतील, खाली तोंड केलेले. कडेला वरचे, वर तोंड केलेले. आणि मधल्या भागात उरलेल्या सगळ्या दिशा, प्रत्येक एकदाच. हा झाला स्किर्मिऑन. मँगनीज सिलिसाइडमध्ये मधले बाण बाहेर न जाता गोल फिरतात, पण मोजणी तीच: सगळ्या दिशा एकदा, म्हणून पीळ एक. कडेचे बाण न हलवता आतले बाण हळूहळू वळवून हा पीळ शून्य करता येत नाही.

आता यातून एक इलेक्ट्रॉन जाऊ द्या. त्याचाही स्वतःचा छोटा बाण असतो, आणि तो आसपासच्या बाणांच्या दिशेनं वळत वळत पुढं जातो. या वळण्यात त्याच्या तरंगाला जादा कला, म्हणजे फेज, मिळते. किती? बाणांनी दिशांच्या गोलावर जेवढं क्षेत्र व्यापलं, त्याच्या निम्मी. इलेक्ट्रॉनला वाटतं आपण चुंबकीय क्षेत्रातूनच चाललोय. आदर्श हिशेब केला तर मँगनीज सिलिसाइडमधलं हे भासमान क्षेत्र सुमारे १३ टेस्ला येतं. प्रत्यक्षात मिळणारा हॉल व्होल्टेज या हिशेबापेक्षा बराच कमी असतो, पण तो असतो, आणि स्किर्मिऑन असतात त्याच प्रदेशात असतो. याला टोपॉलॉजिकल हॉल परिणाम म्हणतात.

‘गोलावरच्या क्षेत्राच्या निम्मी कला’ हे गणित आपल्याकडं फार आधी झालं होतं. १९५६ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्णन पंचरत्नम या विशीतल्या तरुणानं ध्रुवित प्रकाशासाठी नेमका हाच नियम काढला. तिथं गोल होता प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या अवस्थांचा. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी क्वांटम यांत्रिकीत याचं सर्वसाधारण रूप मांडलं. त्यानंतर पंचरत्नम यांच्या कामाकडं जगाचं लक्ष गेलं आणि बेरींनी त्याची थोरवी आवर्जून लिहिली. पंचरत्नम मात्र १९६९ मध्येच, पस्तिशीच्या आसपास, गेले होते. आज टोपॉलॉजिकल पदार्थांचा जवळजवळ प्रत्येक हिशेब या कलेवरच उभा आहे.

उंचवटा दिसला म्हणजे स्किर्मिऑन नव्हे

इथं सावध व्हायला हवं. हॉल व्होल्टेजच्या आलेखात एक जादा उंचवटा दिसला की ‘स्किर्मिऑन सापडले’ असं लिहिण्याचा मोह होतो. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या पदार्थाच्या पातळ थरांबाबत असे दावे झाले. मग इतरांनी दाखवलं की थर सगळीकडं सारखा नसेल आणि त्याच्या दोन भागांचे हॉल व्होल्टेज विरुद्ध चिन्हांचे असतील, तर त्यांच्या बेरजेतूनही अगदी तसाच उंचवटा येतो. त्यासाठी स्किर्मिऑनची गरजच नाही. या वादातून धडा हा, की अप्रत्यक्ष खुणेवर विसंबू नये. न्यूट्रॉन, सूक्ष्मदर्शक, हॉल व्होल्टेज, अशा दोन-तीन स्वतंत्र साक्षी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

मग पीळ कुठवर टिकतो?

शेवटचा प्रश्न. गणितात स्किर्मिऑन अमर आहे, कारण गणितात बाणांमध्ये फट नसते. स्फटिकात बाण अणूंवर बसलेले असतात, आणि अणूंमध्ये अंतर असतं. पुरेशी उष्णता मिळाली तर भोवरा आक्रसत जातो, शेवटी मधला बाण उलटतो, आणि पीळ जातो. २०१३ मध्ये तर शेजारचे दोन भोवरे झिप ओढावी तसे एकमेकांत मिसळताना दिसले. म्हणजे संरक्षण म्हणजे अमरपट्टा नव्हे, मध्ये उभा असलेला ऊर्जेचा डोंगर आहे. डोंगर किती उंच, हे पदार्थावर ठरतं. कोबाल्ट, जस्त आणि मँगनीजच्या मिश्रधातूंत २०१५ मध्ये खोलीच्या तापमानाच्याही वर स्किर्मिऑन मिळाले. मँगनीज सिलिसाइडमध्ये ते हलवायला लागणारी विद्युतधारा चुंबकातल्या नेहमीच्या सीमाभिंती हलवायला लागणाऱ्या धारेपेक्षा साधारण लाखपट कमी निघाली. माहिती साठवण्यासाठी म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर डोळा आहे. पण हलले म्हणजे वेगानं पळाले असं नाही. वेग हवा असेल तर धारा वाढवावीच लागते.

थोडक्यात, सुंभ जळला तरी पीळ राहतो, पण किती जळला ते विचारायचं.

श्रोत्यांचे प्रश्न

*काठावरची वीज अडखळत नाही, मग ही अतिवाहकताच झाली की?*

नाही. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून वाहतात आणि रोध पूर्ण शून्य होतो. इथं काठावरून चालताना ऊर्जा वाया जात नाही, पण तारेतून काठावर चढताना आणि उतरताना जाते. तो २५,८१२ ओहमचा रोध कुठं पळून जात नाही, आणि उष्णता तारांच्या जोडापाशी निघते. त्यामुळं घरच्या वायरिंगला हे चालणार नाही. छोट्या, नेमक्या उपकरणांसाठी याचा विचार होतो.

*असे पदार्थ फार दुर्मीळ असतात का, मॅडम?*

आधी तसंच वाटायचं. २०१९ मध्ये तीन गटांनी ज्ञात स्फटिकांच्या याद्या संगणकानं तपासल्या, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून जास्त पदार्थांत कुठला ना कुठला टोपॉलॉजिकल गुण निघाला. पण यादीत नाव असणं वेगळं आणि प्रयोगात तो गुण स्वच्छ दिसणं वेगळं. पुष्कळदा इतर इलेक्ट्रॉनांच्या गोंगाटात तो बुडून जातो.

*खोलीच्या तापमानाला चालणारं इलेक्ट्रॉनांचं काही उदाहरण आहे?*

आहे. मँगनीज आणि कथिलाचा एक स्फटिक आहे, तीन भाग मँगनीज, एक भाग कथिल. त्यातले बाण एकमेकांना जवळजवळ पूर्ण रद्द करतात, बाहेरून चुंबकत्व नगण्य. तरी २०१५ मध्ये टोकियोच्या गटाला त्यात खोलीच्या तापमानाला ठसठशीत हॉल परिणाम मिळाला. तो नेमक्या पायरीचा नाही, पण उगम तोच, तरंगांच्या पिळात.

*शाळेतल्या मुलांना यातलं काही करून दाखवता येईल?*

नक्की. दोन कागदी पट्ट्या घ्या. एक तशीच चिकटवून कडं करा. दुसरीला एक पूर्ण वेढा घालून चिकटवा. आता दोन्ही कडी मधोमध, लांबीच्या दिशेनं कापा. पहिल्यातून दोन सुटी कडी निघतील. दुसऱ्यातून निघतील ती एकमेकांत अडकलेली. मग तिसरी पट्टी घ्या, एक वेढा घालून चिकटवा, हवी तशी चुरगाळा, आणि मुलांना विचारा: आता कापली तर कडी सुटी निघतील की अडकलेली? आधी उत्तर वहीत लिहायला सांगा आणि मगच कात्री हातात द्या.